नाव आणि गाव

“मेथी निवडताना बोलू नये,” आई म्हणाली. “काड्या राहून जातात.”

बोलत तीच होती. गुरुवार होता, दुपारचे साडेअकरा वाजले असतील. तिचे डोळे तपासायला न्यायचे म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा घेतली होती आणि डॉक्टरांनी ऐनवेळी पुढची तारीख दिली होती. अचानक मोकळा मिळालेला दिवस. गॅलरीच्या दारात वर्तमानपत्र पसरून आम्ही बसलो होतो, ती खुर्चीत, मी खाली फरशीवर.

“रविवारी वीस मिनिटं बोला म्हणाली नसीम.”

“मग?”

“म्हणजे दहा बोलायचं. मुली दहाच्या वर ऐकत नाहीत. तू तरी कुठे ऐकायचीस?”

आई वीस वर्षं विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. पहिलीच. त्या वसतिगृहाला आता चाळीस वर्षं होत होती आणि रविवारी समारंभ होता. नसीम एकेकाळी तिथेच राहून शिकली, माझ्याच वर्षाची. आता तिथली रेक्टर तीच. आईचं भाषण तीन दिवसांपासून चाललं होतं. जुन्या परिपत्रकांच्या कोऱ्या बाजूवर ती लिहायची, खोडायची आणि कागद तिच्या कापडी पिशवीत परत ठेवून द्यायची.

“उजू, ती पाटी कुठे आहे गं?”

“कोणती?”

“कुंदाची. पलंगाच्या पेटीत असेल बघ, रजयांच्या खाली.”

रजयांच्या खालीच होती. वीतभर लांबीची प्लायवुडची पाटी, काळा रंग दिलेली, त्यावर पांढऱ्या रंगात आईचं वळणदार अक्षर : कुंदा, आरमोरी. वरच्या भोकातून ओवलेली सुतळी अजून तशीच होती. मागच्या बाजूला काय आहे ते मला पाठ होतं. मी पाटी उलटवली नाही. तिच्या मांडीवर नेऊन ठेवली.

आईने ती उलटवली. चष्मा वर सरकवून, अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग परत सुलटी केली आणि मेथीची एक काडी उचलली.

“गयाबाईवर मी अन्याय तर केला नाही ना?”

“कोण गयाबाई?”

“असं करू नकोस.”

मी पानं खुडत राहिले. खाली भंगारवाल्याची गाडी आली होती. तो त्याचं ते रेकॉर्ड केलेलं ओरडणं लावून निवांत उभा होता.

“तुला काय वाटतं?” आईने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. भाजीत दाणकूट घालू की नको, असं विचारावं तसा. “तू होतीस ना तेव्हा तिथे. तुला काय वाटतं?”

मी पन्नाशी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं, आईपासून दूर राहिले नव्हते. तेहतीस वर्षं ज्या प्रश्नाची मला भीती वाटत होती तो भंगारवाल्याच्या ओरडण्यात येऊन माझ्यासमोर बसला होता.

“चहा ठेवू का?” मी म्हणाले.

आईने हातातली काडी वर्तमानपत्रावर ठेवली.

“ठेव,” म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेल्यावर तिने मागून हाक मारली, “आलं घाल.”

शुक्रवारी सकाळी ती उठली नाही. चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. फ्रिजमध्ये निवडलेली मेथी ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. मी ती पुढे आठवडाभर तशीच ठेवली.

*

त्या वर्षी मी अठराची होते आणि आम्ही रेक्टरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील मी लहान असतानाच गेले होते. क्वार्टर वसतिगृहाला चिकटूनच होतं आणि त्याला दोन दारं होती. एक रस्त्याकडे, एक आत मुलींच्या बोळात. मी शिकायला त्याच विद्यापीठात, पहिल्या वर्षाला. गावातल्या मुली मला वसतिगृहाची समजायच्या आणि वसतिगृहातल्या मुली, आतल्या दाराची कडी वाजली की बोलणं थांबवायच्या. रेक्टरची मुलगी आली. मी तिथे उभी राहायचे, काहीतरी निमित्त सांगायचे आणि परत यायचे.

दर वर्षी पहिल्या दिवशी आई नव्या मुलींना जेवणघरात बसवायची आणि एकच नियम सांगायची. त्या वर्षीही सांगितला.

“महिनाभर इथे कुणाला आडनाव नाही. नाव आणि गाव, एवढंच दारावर लागेल. आडनाव माझ्या रजिस्टरात, रजिस्टर माझ्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. एकतिसाव्या दिवशी ज्यांना सांगावंसं वाटेल त्यांनी सांगा. कुणी कुणाला विचारायचं मात्र नाही.”

“का पण, ताई?” कुणीतरी विचारलं.

“महिनाभरात शेजारणीचं काय काय कळतं ते बघा. घोरते का. कंगवा विचारून घेते की न विचारता. घरचं पत्र आलं की पांघरूण घेऊन रडते का. एवढं कळल्यावर मग आडनाव कळलं तरी उशीर झालेला असतो.”

मागून एक मुलगी उभी राहिली. “ताई, मी नसीम, कारंजा. माझं तर नावच आडनाव आहे.”

मुली हसल्या. आईही हसली.

“खरं आहे. तुझ्यापुढे माझा नियम तोकडा पडतो,” ती म्हणाली. “पण तू ते मोठ्याने बोललीस. तू टिकशील.”

आमचं आडनाव अर्थात सगळ्यांना माहीत होतं. विद्यापीठाच्या प्रत्येक कागदावर ते आईच्या नावापुढे छापलेलं असायचं. त्या आडनावाला कधी काही लपवायची पाळी आली नव्हती.

दारांवरच्या त्या पाट्यांचा आणखी एक उपयोग झाला होता. गयामावशी वाचायला शिकली ती त्यांच्यावर. मावशी म्हणजे वसतिगृहाची शिपाईबाई. मागच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायची, झाडलोट करायची, फाटक सांभाळायची, रात्री कुणाला ताप आला तर उशाशी बसायची. आदल्या वर्षी आईने तिला अक्षरं शिकवली होती. सकाळी बोळात झाडू मारता मारता ती एकेक पाटी मोठ्याने वाचत जायची.

“न, सी, म. नसीम. का, रंजा. वा! कु, ंदा. हे टिंब मले लय सतावते, बाई. आर, मोरी.” मग दारावर थाप. “उठ वं आरमोरी, पानी गेलं तं आंगोळ नाही भेटत!”

त्या सगळ्या दारांमागे मुली हसत असायच्या. मी क्वार्टरमधून ऐकायचे.

चौदा नंबरच्या खोलीत तिघी होत्या : नसीम, कुंदा आणि वरुडची वैजयंती. वैजूच्या घरी संत्र्याच्या बागा, आवाज खणखणीत, कुठेही गेली तरी चार जणी तिच्याभोवती. कुंदा अबोल. तिला गणितात कुणी हात धरू शकत नसे, आणि वैजूची गणितं तीच करून द्यायची. खिडकीत एक माठ होता, तिघींत मिळून विकत आणलेला. त्यावर एकच पेला.

तेविसाव्या दिवशी संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून त्या खोलीच्या दारात उभी होते. वैजू एकटीच होती. तिने पलंगावर हात आपटला.

“बस ना वं. उभी काय राहतेस इन्स्पेक्टरसारखी?”

तोपर्यंत त्या इमारतीत मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी बसले. तिने घरून आलेल्या संत्राबर्फीचा डबा पुढे केला.

“रविवारी आत्या येऊन राहिली माझी,” ती म्हणाली. “आल्या आल्या विचारणार, खोलीत कोण कोण हाय. नसीमचं तं दिसतेच. कुंदाचं काय सांगू?”

“नाव सांग. गाव सांग.”

“आत्याले त्यात पुरत नाही.” तिने बर्फीचा तुकडा मोडला. “मला काही नाही गं. घरचे विचारतात.”

मी बर्फीचा एक तुकडा उचलला.

“जाऊ दे. तुला तरी काय माहीत असणार? तू आमच्यासारखीच. चावी तं ताईंच्या कमरेला.”

ती हे हसत म्हणाली. त्यात टोमणा होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मी म्हणाले, “कळायचं म्हटलं तर कळेल.”

“खरंच?” वैजू म्हणाली, आणि माझ्याकडे सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी मुलींच्या तपासणीला डॉक्टर येणार होते आणि आईला नेमकी विद्यापीठात बैठक होती. तिने कमरेची चावी काढून माझ्या हातात दिली. “कपाटातून वैद्यकीय कार्डं काढून ठेव.” एवढंच म्हणाली. दुसऱ्या कुणाला चावी दिली असती तर बाकी कशाला हात लावू नकोस असंही म्हणाली असती. मला म्हणाली नाही.

कार्डं वरच्या कप्प्यात होती, रजिस्टर त्याच्या खाली. मी ते टेबलावर आणून उघडलं. कुंदाची ओळ तिसऱ्या पानावर होती. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तेवढ्यात डॉक्टरांची रिक्षा वाजली. मी कार्डं उचलून धावले. नंतर आवारात आले तेव्हा वैजू दोरीवर कपडे वाळत घालत होती.

मी एकच शब्द बोलले. तो मी इथे लिहिणार नाही.

वैजूने टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, त्याला चिमटा लावला.

“हो का,” म्हणाली. “वाटत नाही नं वं, तिच्याकडे पाहून.”

त्या दिवशी जेवणघरात जाताना तिने माझ्या खांद्यावर हात टाकला होता. मला तिने आपल्या टोळक्यात मधे बसवलं. मी पोटभर जेवले. वैजूच्या विनोदांना हसले. कुंदा शेजारच्या टेबलावर होती. तिने आपल्या ताटातली मिरची उचलून नेहमीप्रमाणे वैजूच्या ताटात ठेवली, आणि वैजूने ती खाल्ली नाही.

रविवारी आत्या येऊन गेली. सोमवारी सकाळी चौदा नंबरच्या खिडकीत दोन माठ होते.

“हा कुणाचा?” नसीमने विचारलं. मी तेव्हा दारात होते. आता मला तिथे उभं राहायला निमित्त लागत नव्हतं.

“पाणी गढूळ येऊन राहिलं नं,” वैजू म्हणाली. “आत्याला चालत नाही गढूळ पाणी.”

“आत्या तर काल गेली.”

नव्या माठावर नवा पेला होता. कुंदा उठली, जुन्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं, सगळं प्याली, पेला पालथा घातला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी मावशी बोळात वाचत चालली होती आणि मधेच थांबली. झाडूचा आवाजही थांबला. मी आतलं दार उघडून पाहिलं. चौदा नंबरच्या दारावरची एक पाटी उलटी टांगलेली होती. मागच्या न रंगवलेल्या लाकडावर निळ्या शाईने, ठळक, तीन शब्द : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाई लाकडात जरा फुटली होती. पण वाचता येत होतं.

आई आली. पाटी वाचली. कुंदा दारात उभी होती, वेणी घातलेली, वह्या हातात.

“ताई, चारच दिवस राहिले होते,” ती म्हणाली. “म्हटलं, कशाला थांबायचं?”

“कुणी सांगितलं?”

“ते मी विचारलं नाही.” वह्या या हातातून त्या हातात घेत, “विचारायचं नाही, हा तुमचाच नियम ना?”

आईने पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि ऑफिसकडे वळली.

दुपारी तिने ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे कारकून, गयामावशी आणि मी. रजिस्टरापर्यंत पोचू शकणारे तेवढेच. कपाटाची दुसरी चावी ऑफिसच्या जुडग्यात असायची आणि जुडगा मावशीकडे. कारकून म्हणाला, तपासणीच्या दिवशी गयाबाई टेबलापाशी रजिस्टर उघडून उभी होती, मी डोळ्यांनी पाहिलं.

“हो बाई,” मावशी लगेच म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता. “वाचून राहिली होती मी. उघडंच होतं टेबलावर. तुम्हीच तं म्हणता, दिसन ते वाचत जाय.”

“टेबलावर उघडं होतं?”

“हो नं.”

आई माझ्याकडे वळली. “उजू, कार्डं काढल्यावर कपाट लावलं होतंस ना?”

ऑफिसला एकच खिडकी होती आणि ती बोळात उघडायची. बाहेर मुली उभ्या असणार हे मला माहीत होतं. त्यांतल्या वैजूच्या टोळक्यात आज माझी जागा होती. मी आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. असता तर कदाचित मी बोलले असते.

“हो,” मी म्हणाले.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. हातातला झाडू तिने भिंतीला टेकवून ठेवला, तो घसरला, तिने परत नीट उभा केला.

“पोरगी म्हणते लावलं,” ती म्हणाली, “तं लावलंच असन.”

“मग रजिस्टर बाहेर कसं आलं, गयाबाई?”

ती पुढे काही बोलली नाही. आईने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. जिला आपण अक्षर शिकवलं तिनेच ते असं वापरलं, हे आईला किती लागलं होतं ते मला दिसत होतं. आठवडाभरात मावशीची बदली झाली, विद्यापीठाच्या दुसऱ्या टोकाला, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात. आवारातल्या दोन खोल्या सोडाव्या लागल्या. सामान हातगाडीवर घालून ती निघाली तेव्हा मी क्वार्टरच्या पडद्यामागे होते.

कुंदाही गेली. दहा दिवस तिने ती पाटी तशीच ठेवली आणि मग शहरातल्या सरकारी वसतिगृहात जागा मिळवली. आई तिला थांबवायला खोलीत गेली होती. दार उघडं होतं.

“तिथे सगळ्या माझ्यासारख्याच असतील,” कुंदा म्हणाली. “तिथे माठ एकच असतो, ताई.”

आईने पाटी उतरवून घरी आणली. वैजूशी माझी मैत्री दिवाळीपर्यंत टिकली.

*

समारंभ तीन आठवडे पुढे ढकलला गेला आणि त्याची शोकसभा झाली. नसीम घरी आली तेव्हा म्हणाली, “ताईंचं भाषण तूच वाच, उजू. आवाज अगदी त्यांचा आहे तुझा.”

“दुसरं कुणी वाचलं तर?”

“कोण वाचेल त्यांचं अक्षर?”

कापडी पिशवीतून कागद मी काढले होते, पण घरी वाचले नव्हते. पहिल्या ओळीतला ‘मुलींनो’ दिसला की पुढे जाता येत नव्हतं. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले. लोकांनी आपले गुन्हे कबूल केल्याच्या कहाण्या तर मी शोधून शोधून वाचल्या आहेत. त्यांत माणसं बोलतात तेव्हा समोरचं माणूस जिवंत असतं.

त्या दिवशी वसतिगृहाच्या बोळातून आम्ही सभागृहाकडे चाललो. दारांवर आता छापील कार्डं होती. आश्लेषा, पुसद. फातिमा, बाळापूर.

“अजून तोच नियम?” मी विचारलं.

“महिनाभर,” नसीम म्हणाली. “परवा एक मुलगी मला म्हणते, मॅडम, आम्ही पहिल्याच दिवशी मोबाइलवर एकमेकींना शोधतो, सगळं कळतं. मी म्हटलं, कळतं ना? मग निदान महिनाभर न कळल्यासारखं वागून दाखव.” ती थांबली. “कुंदाला पत्र टाकलं होतं गं. एका शाळेत मुख्याध्यापिका आहे आता. उत्तर नाही आलं. पण गयामावशी आल्यात. पहिल्या रांगेत बसवलंय.”

मी एका दारावरचं कार्ड वाचत उभी राहिले. नसीमला वाटलं, मला रडू येतंय. तिने माझा दंड धरला आणि मला आत नेलं.

मावशी खूप बारीक झाली होती. केस पांढरे, हातात काठी. मी वाकून नमस्कार केला. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“बाई गेल्या म्हणून आली,” ती म्हणाली. “नाहीतं या आवारात पाय टाकत नव्हती मी.”

“येताना पाट्या वाचल्या का, मावशी?” माझ्या तोंडून निघालं.

“कायच्या पाट्या?” ती हसली. दात दोनच उरले होते. “वाचनं तवाच सोडलं म्या. गोदामात एक डाव सायेब म्हने, काय वं, वाचता येते का तुले? म्हटलं, नाही बा सायेब, मी अडानी हाय. तेच बरं असते.”

नसीमने मला स्टेजवर बोलावलं. आवाज नको म्हणून कुलर बंद केले. समोर दोनशेक मुली, काही जुन्या विद्यार्थिनी. टेबलावर आईचा फोटो, त्याला हार. मी कागद उलगडले. मुलींनो. या वेळी मी पुढे गेले.

भाषण चांगलं होतं. कंगव्याचं वाक्य होतं, घोरण्याचं होतं, नसीमचा किस्सा होता. मुली हसत होत्या. कुठे श्वास घ्यायचा ते मला तिच्या स्वल्पविरामांवरून कळत होतं. नसीम डोळे पुसत हसत होती. दोन पानं संपली. तिसऱ्या पानावर चारच ओळी होत्या. मी वाचलं :

“माझ्या वीस वर्षांत एकदाच एक आडनाव महिन्याच्या आत बाहेर गेलं. त्याने एक हुशार मुलगी या घरातून गेली आणि एका बाईची बदली मी माझ्या सहीने केली. तिचं म्हणणं मी नीट ऐकलं नाही, कारण ते ऐकलं असतं तर मला पुढचा प्रश्न माझ्या घरात विचारावा लागला असता. ते आडनाव”

वाक्य तिथेच थांबलं होतं. खाली पान कोरं. फक्त समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात आईने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं : ‘उजूला विचारून.’

मी मान वर केली. सभागृहात कुणाला काही कळलं नव्हतं. कागद मिटून धन्यवाद म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, नसीमने हार आणि नारळ दिला असता, आणि मी घरी गेले असते. त्या घरात आता मला विचारणारं कुणीही उरलं नव्हतं. पहिल्या रांगेत मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. तेहतीस वर्षांपूर्वी ऑफिसात पाहिलं होतं तशीच, फार काही न मागता.

या गोष्टीला आता सहा वर्षं होतील. त्यानंतर कोण काय म्हणालं, ते त्या त्या माणसांचं आहे. माझं एवढंच. मी कागद टेबलावर आईच्या फोटोपाशी ठेवला आणि माईक जवळ ओढला.

“गयामावशी,” मी म्हणाले, “कपाट मी लावलं नव्हतं. रजिस्टर मी काढलं, कुंदाचं आडनाव मी वाचलं आणि मीच जाऊन सांगितलं. आईने मला दोनदा विचारलं. एकदा मी हो म्हणाले आणि एकदा चहा ठेवायला उठले.”